स्वदेशी प्रोसेसर आणि वेगवान नेटवर्क : मधला दुवा

भारतात प्रोसेसर घडवण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेच्या बाहेर आले आहेत. २०१८ मध्ये मद्रास येथील आयआयटीने तयार केलेल्या ‘शक्ती’ प्रोसेसरवर लिनक्स चालवून दाखवण्यात आले. पवईच्या आयआयटीने ‘अजित’ घडवला. सी-डॅकने ‘वेगा’ ही मालिका विकसित केली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ हा कार्यक्रम जाहीर केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ‘ध्रुव६४’ हा दोन कोअरचा, १ गिगाहर्ट्झ वेगाचा, ६४ बिटांचा प्रोसेसर देशापुढे आला. अशा प्रत्येक बातमीनंतर चर्चा होते ती चिप किती नॅनोमीटरची आहे आणि कोणत्या कारखान्यात बनली याची. नेटवर्कच्या उपकरणांच्या दृष्टीने मात्र आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आज राउटर, मोबाइल जाळ्याचे केंद्र किंवा फायरवॉल यांच्यासाठी जे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते, ते या प्रोसेसरवर पुरेशा वेगाने आणि सुरक्षितपणे चालेल काय?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी चिपमध्ये नसते. ते लिनक्सच्या कर्नलमधील अशा काही भागांत असते की ज्यांची नावे वृत्तपत्रांत कधी येत नाहीत. प्रस्तुत लेखात त्या भागांची ओळख करून घेऊ आणि प्रोसेसरची रचना बदलली की तेथे नेमके काय बदलावे लागते ते पाहू.

एका पॅकेटसाठी ६७ नॅनोसेकंद

प्रथम थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. इथरनेटवरील सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचे असते. तारेवर प्रत्येक पॅकेटआधी येणारे संकेत आणि दोन पॅकेटांमधील सक्तीचे अंतर मिळून आणखी २० बाइटांची जागा जाते. म्हणजे एकूण ८४ बाइट, अर्थात ६७२ बिट. सेकंदाला १० गिगाबिट वाहणाऱ्या जोडणीवर असे एक पॅकेट ६७.२ नॅनोसेकंदांत येऊन पोचते. सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे होतात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका कोअरला प्रत्येक पॅकेटमागे सुमारे २०० आवर्तने मिळतात. १०० गिगाबिटच्या जोडणीवर हीच संख्या २० वर येते. मुख्य स्मृतीतून एक शब्द आणायला साधारणपणे ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अडचणीचे स्वरूप समजते. स्मृतीकडे एक फेरी मारेपर्यंत पुढचे पॅकेट दाराशी उभे असते.

कर्नलचा नेहमीचा मार्ग या वेगासाठी आखलेला नाही. पॅकेट आले की नेटवर्क कार्ड इंटरप्ट देते. कर्नल हातातले काम बाजूला ठेवतो, पॅकेटाची नोंद करतो, नियम तपासतो, ते कोणत्या प्रोग्रामचे आहे ते ठरवतो आणि अखेर त्या प्रोग्रामच्या स्मृतीत त्याची प्रत करून देतो. टपाल कार्यालयात प्रत्येक पत्र नोंदवून, शिक्का मारून पोस्टमनच्या हाती द्यावे तसा हा प्रकार आहे. यात कर्नलची चूक काही नाही. शेकडो प्रोग्रामांना समान न्याय द्यायचा तर असेच करावे लागते. इंटरप्टांची संख्या कमी करण्याच्या युक्त्याही लिनक्समध्ये फार पूर्वीपासून आहेत. तथापि एका पॅकेटसाठी या मार्गावर हजारांच्या घरात आवर्तने खर्च होतात. २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ ही प्रोसेसरमधील त्रुटी उघड झाल्यानंतर जे उपाय योजावे लागले, त्यांनी कर्नलमध्ये प्रत्येक वेळी जाण्या-येण्याचा खर्च आणखी वाढवला.

ज्याला येणारी सगळी पत्रे हवी असतात त्याने टपाल कार्यालयाकडून थेट थैलीच घ्यावी, हा दुसरा मार्ग. नेटवर्क कार्ड कर्नलच्या हातून काढून एका सामान्य प्रोग्रामच्या, म्हणजे ‘यूजरस्पेस’च्या ताब्यात द्यायचे. इंटरप्टची वाट न पाहता तो प्रोग्राम कार्डाकडे अखंड विचारणा करीत राहतो. २०१० च्या सुमारास इंटेल कंपनीत वेंकी वेंकटेशन यांनी या पद्धतीचा जो संच उभा केला तो ‘डीपीडीके’ या नावाने प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये त्याभोवती खुला विकासकसमूह उभा राहिला आणि २०१७ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आला. या पद्धतीची किंमत उघड आहे: रहदारी असो वा नसो, नेमून दिलेला कोअर पूर्ण वेळ फिरत राहतो आणि वीज खातो. रात्री तीन वाजता ओस पडलेल्या केंद्रातही तो तसाच फिरतो.

कर्नलकडून तरी काय हवे असते?

‘कर्नल वगळून’ असे या पद्धतीचे वर्णन केले जाते. ते अर्धवट आहे. प्रोग्रामने कार्ड ताब्यात घ्यायचे तरी कर्नलकडून तीन गोष्टी घ्याव्याच लागतात. पहिली, कार्डाच्या नियंत्रण-नोंदी प्रोग्रामच्या स्मृतीपटलावर जोडून देणे. दुसरी, कार्डाने ज्या स्मृतीत पॅकेटे आणून टाकायची त्या स्मृतीचा पत्ता. कार्ड हे काम प्रोसेसरला न विचारता परस्पर करते. त्यालाच डीएमए म्हणतात. तिसरी, क्वचित लागणारे इंटरप्ट, उदाहरणार्थ तार निघाल्याची सूचना. या तिन्ही गोष्टी देणारे छोटे ड्रायव्हर कर्नलमध्ये असतात, आणि प्रोसेसरची रचना बदलली की तिन्हींचे स्वरूप बदलते.

लिनक्समध्ये अशी पहिली अधिकृत सोय ‘यूआयओ’ या नावाने २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत आली. तिचा मूळ हेतू नेटवर्क हा नव्हताच. कारखान्यांतील यंत्रनियंत्रणाच्या कार्डांसाठी प्रत्येक वेळी संपूर्ण कर्नल-ड्रायव्हर लिहावा लागू नये, एवढीच अपेक्षा होती. त्यामुळे यूआयओ नोंदी जोडून देते, साधा इंटरप्ट देते. डीएमएबाबत मात्र ती काही बोलत नाही. डीपीडीकेने ही उणीव स्वतःच्या ‘आयजीबी-यूआयओ’ या वेगळ्या ड्रायव्हरने भरून काढली. हा ड्रायव्हर मूळ कर्नलच्या बाहेरच राहिला. २०१५ मध्ये त्यातील सोयी मुख्य कर्नलमध्ये घ्याव्यात काय, यावर विकासकांत बराच वाद झाला. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता: ज्या प्रोग्रामला कार्डाकरवी कोणत्याही भौतिक पत्त्यावर लिहिता येते, तो कर्नलची स्मृतीही पुसू शकतो. मग कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातील भिंतीला अर्थ काय उरला?

ही भिंत पुन्हा उभी करण्याचे साधन म्हणजे ‘आयओएमएमयू’. प्रोग्रामला जशी फक्त त्याच्या वाट्याची स्मृती दिसते, तशीच उपकरणालाही फक्त त्याच्या वाट्याची दिसावी, असा हा नाका प्रोसेसर व उपकरण यांच्यामध्ये बसवलेला असतो. इंटेल व एएमडी यांनी तो आपापल्या नावांनी दिला, एआरएममध्ये त्याला एसएमएमयू म्हणतात, आणि आयबीएमच्या पॉवर यंत्रांत तो पूर्वीपासून अनिवार्यच आहे. या नाक्याचा आधार घेऊन उपकरण प्रोग्रामच्या हवाली करणारी ‘व्हीएफआयओ’ ही रचना रेड हॅटचे अॅलेक्स विल्यमसन यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये आली. तिचे वैशिष्ट्य असे की ती आरंभापासून एकाच प्रोसेसरपुरती आखलेली नव्हती. उपकरणे सुटी न देता ‘गट’ करून द्यावीत, कारण काही उपकरणे नाक्यावर एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, ही तिची मध्यवर्ती कल्पना पॉवर यंत्रांच्या गरजाही लक्षात घेते. त्याआधीची आभासी यंत्रांसाठीची सोय प्रामुख्याने एक्स-८६ साठी होती.

ज्या यंत्रांत आयओएमएमयू नाही त्यांच्यासाठी २०१६ मध्ये लिनक्स ४.५ मध्ये एक पळवाटही ठेवण्यात आली. ती वापरायची तर प्रशासकाला ‘असुरक्षित’ असा शब्द असलेला पर्याय स्वतःहून चालू करावा लागतो, आणि कर्नल स्वतःवर ‘दूषित’ अशी खूण करून ठेवतो. अशी कबुली प्रशासकाकडून लिहून घेण्याची ही पद्धत प्रस्तुत लेखकाला योग्य वाटते. पुढे २०२० मध्ये डीपीडीकेने आपला बाहेरचा ड्रायव्हर मुख्य संचातून काढून वेगळा ठेवला.

एकच काम, चार रचना

डीपीडीकेचा जन्म इंटेलच्या घरी झाल्यामुळे त्यात एक्स-८६ ची अनेक गृहीते नकळत मुरलेली होती. ती एकेक करून उघडी पडली ती इतर रचनांवर संच नेताना. २०१४-१५ मध्ये पॉवर आणि २०१५ च्या अखेरीस एआरएम या रचनांचा समावेश झाला. ६४ बिटांच्या एआरएमचे काम कॅव्हियम कंपनीत असलेल्या जेरिन जेकब यांनी केले.

पहिले गृहीत नोंदींबाबतचे. एक्स-८६ मध्ये उपकरणांशी बोलण्यासाठी स्मृतीपासून वेगळे असे ‘पोर्ट’ असतात आणि त्यांसाठी वेगळ्या सूचना असतात. एआरएम, पॉवर, रिस्क-फाइव्ह यांपैकी कोणाकडेही तशा सूचना नाहीत. आभासी यंत्रांतील जुन्या पद्धतीचे नेटवर्क कार्ड मात्र या पोर्टांवरच अवलंबून होते. शिवाय ६४ बिटांच्या एआरएम लिनक्समध्ये पीसीआय उपकरणाची स्मृती प्रोग्रामला जोडून देण्याची सर्वसाधारण सोयच बराच काळ नव्हती. ती २०१७ मध्ये, ४.१२ या आवृत्तीत आली. तोवर एआरएमवर यूआयओचा मार्ग मूळ कर्नलमध्ये बदल केल्याशिवाय धड चालत नसे. स्मृती जोडून मिळाली तरी तिची जात वेगळी असते. एआरएम उपकरण-स्मृतीवर अनियमित पत्त्याने, म्हणजे शब्दाच्या सीमेवर नसलेल्या ठिकाणाहून, वाचू देत नाही. प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडतो. एक्स-८६ वर तीच ओळ निमूटपणे चालते. त्यामुळे ती चूक आहे हे तेथे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरे गृहीत इंटरप्टचे. आधुनिक कार्डे इंटरप्टसाठी वेगळी तार वापरत नाहीत. ठरावीक पत्त्यावर एक लहानसा संदेश लिहितात. एक्स-८६ मध्ये हा पत्ता ठरलेला असतो आणि नाका त्याला वेगळी वागणूक देतो. एआरएममध्ये हाच संदेश इतर कोणत्याही लेखनाप्रमाणे एसएमएमयूतून जातो. त्या पत्त्याची परवानगी आधी नोंदवली नसेल तर नाका तो संदेश अडवतो आणि प्रोग्राम कायम वाट पाहत राहतो. व्हीएफआयओमध्ये या बाबीची नीट व्यवस्था लागायला २०१७ साल उजाडले.

स्मृतीच्या पानांचा आकार हा तिसरा मुद्दा. एक्स-८६ वर मूळ पान ४ किलोबाइटचे आणि मोठी पाने २ मेगाबाइट वा १ गिगाबाइटची. एआरएममध्ये मूळ पान ४, १६ किंवा ६४ किलोबाइटचे ठेवता येते, आणि ६४ चे ठेवल्यास मोठे पान थेट ५१२ मेगाबाइटचे होते. पॉवरमध्ये मूळ पान सहसा ६४ किलोबाइटचे आणि जुन्या पद्धतीत मोठी पाने १६ मेगाबाइट व १६ गिगाबाइटची. ‘पान म्हणजे ४०९६ बाइट’ असे कुठे लिहून ठेवले असेल तर ते तेथे कोसळते. पॉवरवर याखेरीज आणखी एक शिस्त आहे. उपकरणासाठी स्मृती हवी तेवढी सुटीसुटी नोंदवता येत नाही. आधी एका ‘खिडकी’चा आकार ठरवून ती उघडावी लागते आणि सर्व नोंदी त्या खिडकीत बसवाव्या लागतात. त्यामुळे व्हीएफआयओशी बोलणारा डीपीडीकेतील भाग पॉवरसाठी स्वतंत्र लिहावा लागला. एआरएमची काही जाळे-उपकरणे तर पीसीआयवर नसतातच. एनएक्सपी कंपनीच्या अशा एका मालिकेसाठी व्हीएफआयओमध्ये वेगळा ड्रायव्हर समाविष्ट व्हायला २०२० उजाडले.

क्रमाचा प्रश्न

या सर्वांत अवघड आणि सर्वांत फसवा प्रश्न स्मृती-व्यवहारांच्या क्रमाचा आहे. तो थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे.

कार्ड आणि प्रोग्राम यांच्यात एक वर्तुळाकार तक्ता सामाईक असतो. कार्ड आधी पॅकेट आणून टाकते, तक्त्यात त्याची लांबी लिहिते आणि शेवटी ‘काम झाले’ अशी खूण करते. प्रोग्राम ती खूण पाहतो. खूण दिसली की लांबी वाचतो. कागदावर यात काही अडचण दिसत नाही. परंतु आजचे प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी वाचनांचा क्रम बदलतात. लांबी आधी वाचून ठेवली आणि खूण नंतर वाचली, असे घडू शकते. मधल्या क्षणी कार्डाने दोन्ही लिहिले, तर प्रोग्रामच्या हाती खूण नवी आणि लांबी जुनी लागते. परिणामी तो चुकीच्या जागेवर हात घालतो.

एक्स-८६ रचनेने क्रमाची बरीच कडक हमी दिलेली आहे: सर्वसाधारण स्मृतीतील एक वाचन दुसऱ्या वाचनाच्या पुढे गेल्याचे तेथे प्रोग्रामला दिसत नाही. एआरएम, पॉवर आणि रिस्क-फाइव्ह यांनी अशी हमी दिलेली नाही. तेथे प्रोग्रामरने दोन वाचनांच्या मध्ये ‘अडसर’ ही सूचना स्वतः घालावी लागते. ती विसरली तर दोष रोज दिसत नाही. लाखो पॅकेटांत एखाद्या वेळी, तेही भार वाढल्यावर, दिसतो.

याचे बोलके उदाहरण २०२३ मधील आहे. इंटेलच्या १० गिगाबिटच्या एका अतिशय प्रचलित कार्डाचा डीपीडीकेमधील ड्रायव्हर वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरात होता. चीनने स्वतःची ‘लूंगआर्क’ ही रचना विकसित केली आहे. त्या रचनेच्या लूंगसन ३सी५००० या प्रोसेसरवर तो ड्रायव्हर चालवताना प्रोग्राम मध्येच कोसळू लागला. कारण शोधता आढळले की पॅकेट घेणाऱ्या भागात अडसर नव्हता. एक्स-८६ च्या कडक हमीमुळे ही उणीव झाकून राहिली होती. लूंगसनकडूनच दुरुस्ती सादर झाली आणि ती मूळ संचात स्वीकारली गेली. लिनक्स कर्नलमध्ये या रचनेचा समावेश २०२२ मध्ये झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डीपीडीकेमध्ये. दोन्ही कामे प्रामुख्याने त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी केली. स्वतःची रचना घडवणाऱ्या देशाला दुसऱ्याच्या कार्डाचा ड्रायव्हरही स्वतःच दुरुस्त करावा लागतो, कारण तो दोष इतर कोणाच्या टेबलावर दिसतच नाही.

रिस्क-फाइव्ह आणि आपण

रिस्क-फाइव्हचा समावेश डीपीडीकेमध्ये २०२२ च्या जुलैमधील आवृत्तीत झाला. त्यासाठी चाचणी ज्या सायफाइव्ह अनमॅच्ड फलकावर झाली त्यात आयओएमएमयू नव्हता. म्हणजे वर सांगितलेल्या ‘असुरक्षित’ वाटेनेच जावे लागे. रिस्क-फाइव्हच्या आयओएमएमयूचे प्रमाणित विनिर्देश २०२३ मध्ये मंजूर झाले आणि त्यानंतर लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आला. याचा अर्थ असा की विनिर्देशापूर्वी आखलेल्या चिपांत हा प्रमाणित नाका असण्याची शक्यता नाही आणि सॉफ्टवेअरने तो मागाहून बसवता येत नाही.

दुसरी अट अधिक सूक्ष्म आहे. उपकरणाने स्मृतीत लिहिलेले प्रोसेसरच्या कॅशला आपोआप कळावे, ही सुसंगती मोठ्या सर्व्हरांत गृहीत धरलेली असते. लहान व स्वस्त चिपांत ती पुष्कळदा नसते. कर्नलमधील ड्रायव्हर त्या वेळी कॅश स्वतः साफ करून घेतो. ते काम यूजरस्पेसवर सोपवणे धोक्याचे आहे. म्हणून २०२२ पासून, लिनक्स ५.१९ या आवृत्तीत, ज्या उपकरणाचे डीएमए कॅशशी सुसंगत नाही ते व्हीएफआयओ नाक्याच्या मार्गाने प्रोग्रामला देण्यास नकारच देते. चिपचा आराखडा करताना थोडी जागा वाचवण्यासाठी ही सुसंगती गाळली, तर त्या चिपवर यूजरस्पेस नेटवर्कचा सुरक्षित मार्ग कायमचा बंद होतो.

यावर कोणी म्हणेल की आपले आजचे प्रोसेसर १०० गिगाबिटसाठी नाहीतच, मग ही चिंता कशाला? शंका रास्त आहे. हिशेब मात्र उलट दिशेने जातो. १ गिगाहर्ट्झचा एक कोअर आणि १ गिगाबिटची जोडणी घेऊ. सर्वांत लहान पॅकेटे आली तर प्रत्येकामागे ६७२ आवर्तने मिळतात. कर्नलच्या नेहमीच्या मार्गाला हजारांच्या घरात आवर्तने लागतात, तेव्हा तो अपुरा पडतो. पॅकेटे सरासरी ६०० बाइटांची असतील तर सुमारे ४,९६० आवर्तने मिळतात आणि काम निभते. परंतु आवाजी संभाषणाची पॅकेटे लहान असतात, नावांवरून पत्ते शोधणाऱ्या विनंत्या लहान असतात, आणि हल्लेखोर तर मुद्दाम लहानच पाठवतो. बलाढ्य प्रोसेसरला कर्नलचा लांबचा रस्ता परवडतो. साध्या प्रोसेसरलाच आखूड रस्त्याची अधिक गरज असते.

भारतनेटच्या संदर्भात हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या मूळ योजनेचे लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे होते, आणि २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात गट पातळीवर राउटर बसवून वर्तुळाकार जोडणी करण्याची तरतूद आहे. इतक्या संख्येने लागणाऱ्या आणि एकेकटी पाहता मध्यम क्षमतेच्या उपकरणांत देशी प्रोसेसरला जागा मिळू शकते.

‘अजित’चे उदाहरण वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखे आहे. तो स्पार्क-व्ही८ या खुल्या पण जुन्या, ३२ बिटांच्या रचनेवर आधारलेला आहे. स्पार्कमध्ये मोठा बाइट आधी असतो आणि इंटरनेटच्या शीर्षकांतही तोच क्रम असतो. म्हणजे एक्स-८६ ला जी उलटापालट करावी लागते ती येथे वाचते. परंतु डीपीडीके स्पार्कला आधार देतच नाही. यंत्रनियंत्रणासारख्या कामांसाठी अजित उपयुक्त आहेच. नेटवर्कसाठी मात्र ज्या रचनेमागे आज जगभरचे विकासक उभे आहेत ती निवडल्याने किती श्रम वाचतात, हे यावरून कळते. या दृष्टीने रिस्क-फाइव्हकडे वळण्याचा निर्णय व्यवहार्य म्हणावा लागेल.

मधली वाट

सर्व काही कर्नलच्या बाहेर नेणे हा एकच उपाय नाही. २०१८ मध्ये लिनक्स ४.१८ मध्ये ‘एएफ-एक्सडीपी’ ही सोय आली. येथे कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच राहतो. फक्त पॅकेटांच्या साठवणीची स्मृती प्रोग्रामशी सामाईक केली जाते. नोंदी, कॅशची सफाई, इंटरप्टचा पत्ता, कार्डाच्या तक्त्यावरील अडसर या प्रोसेसरनिहाय बाबी कर्नलच्या विकासकांनी आधीच सोडवलेल्या असतात. कार्ड प्रोग्रामच्या हाती जात नसल्यामुळे आयओएमएमयूवाचूनही भिंत शाबूत राहते. वेग डीपीडीकेच्या तुलनेत काहीसा कमी पडतो, आणि पूर्ण लाभ मिळवायचा तर कार्डाच्या कर्नल-ड्रायव्हरमध्ये त्यासाठी खास भर घालावी लागते. ती नसेल तर प्रत करून देण्याची पद्धत चालते, पण मग वाचलेला वेळ पुन्हा खर्ची पडतो.

या वाटेलाही प्रोसेसरनिहाय एक अट आहेच. पॅकेट कोणाकडे वळवायचे हे ठरवणारा ईबीपीएफचा छोटा प्रोग्राम त्या प्रोसेसरच्या भाषेत तत्क्षणी भाषांतरित व्हावा लागतो; नाहीतर तो ओळीगणिक अर्थ लावत रखडतो. ६४ बिटांच्या रिस्क-फाइव्हसाठी असा भाषांतरक २०१९ मध्ये, लिनक्स ५.१ मध्ये आला. तो लिहिणारे ब्यॉर्न टॉपेल हेच एएफ-एक्सडीपीच्या दोन प्रमुख कर्त्यांपैकी एक होते. म्हणजे देशी रिस्क-फाइव्ह चिपेसाठी ही अट आधीच पूर्ण झाली आहे. उरते ते त्या चिपेवरील इथरनेट भागाच्या ड्रायव्हरमध्ये सामाईक स्मृतीचा आधार घालण्याचे काम. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकासह एका वर्षात हाती घ्यावे असे हे काम आहे, आणि ते मूळ कर्नलमध्ये स्वीकारले गेले तर पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर आपोआप टिकते. बाहेर ठेवलेला ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा शिवावा लागतो.

शासकीय खरेदीच्या कागदपत्रांत प्रोसेसरचा वेग, स्मृती आणि वीजवापर यांचे रकाने असतात. त्यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारता येतील: चिपमध्ये प्रमाणित आयओएमएमयू आहे काय, उपकरणांचे डीएमए कॅशशी सुसंगत आहे काय, आणि नेटवर्कचा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये दाखल झाला आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आराखडा कारखान्यात जाण्यापूर्वीच ठरून जातात. त्यामुळे ड्रायव्हर लिहिणारा माणूस आराखडा करणाऱ्यांच्या बैठकीत पहिल्या दिवसापासून बसलेला असणे आवश्यक आहे.